मे महिन्यातली काळी माती

इंदूरला आलेला मराठी पाहुणा राजवाडा बघतो, छप्पन दुकानांवर पोट भरतो, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातो आणि दुसऱ्या दिवशी उज्जैनला किंवा ओंकारेश्वराला निघतो. तो मे महिन्यात आला असेल तर मी त्याला आणखी एक ठिकाण सुचवते. पहाटे साडेपाचला कृषी महाविद्यालयाच्या आवारात चला. बहुतेकांना हे पटत नाही. बाग म्हणजे शेवंती, डेलिया, पिटुनिया, आणि ते सगळं मार्चअखेर आटोपलेलं असतं. मेमध्ये तिथे बघायचं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे: माती. झाड आणि माती एकमेकांना कसं धरून राहतात ते उन्हाळ्यातच कळतं, आणि जगाला ही गोष्ट नीट समजावून सांगणारं काम ज्या थोड्या ठिकाणी झालं, त्यात आमच्या इंदूरचं हे आवार येतं.

मी मल्हारगंजात वाढले आणि लग्नानंतरही इथेच राहिले. बडा गणपती ते राजवाडा या पट्ट्यात घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. पूर्वी वाड्यांना चौक असायचा. चौकात तुळस, पारिजातक, कुठे पेरू. वाडे पडले, मजले चढले आणि झाडं गच्चीवरच्या कुंड्यांत गेली. एप्रिलपासून दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. ते पाणी नर्मदेचं. खाली निमाडात जलूदला उचलून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून, सुमारे ७० किलोमीटरवरून १९७८ पासून ते इंदूरला येतं. एवढी यातायात करून आलेलं पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतताना हात आखडतोच. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे प्रश्न मनात पक्का बसला होता: कमी पाण्यात झाड उन्हाळा काढतं ते नेमकं कशाच्या जोरावर? त्याचं उत्तर शोधायला मी शहराच्या पार दुसऱ्या बाजूला, नवलख्यापलीकडे पिपल्याहानाच्या अंगाला असलेल्या या आवारात जाऊ लागले, आणि मग जातच राहिले.

माळव्याच्या पठारावर इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. दुपारी पारा ४० च्या पुढे गेला तरी रात्र उतरते ती गार वारा घेऊन. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, कीर्ती उगाच झालेली नाही. पहाटेपर्यंत हवेत तो गारवा टिकतो. त्या वेळी आवारात फिरायला येणारी मंडळी असतात, कानटोपीसारखा पांढरा गमछा बांधलेले आजोबा असतात, अभ्यासाची वही घेऊन बसलेली मुलं असतात. तांबट पक्ष्याची टुकटुक एकदा सुरू झाली की थांबत नाही. बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो आणि अंगावर पान जवळजवळ नसतं. गुलमोहर पेटलेला. पण मला जास्त नवल वाटतं ते करंजाचं आणि पिंपळाचं. सगळं रान करपत असताना चैत्र-वैशाखात यांना कोवळी, तजेलदार पालवी फुटते. वरच्या वीतभर मातीत ओलीचा थेंब नाही, मग ही पानं येतात कुठून?

एकदा एक माळीदादा आंब्याभोवती आळं करत होते. इकडे आळ्याला थाला म्हणतात. मी आपली बुंध्याशी पाणी घालायच्या सवयीची. त्यांनी खुरपं थांबवलं, वर फांदीच्या टोकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “मॅडमजी, जितनी छाँव, उतना थाला.” झाडाची सावली जिथे संपते तिथे गोल चर, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात, बुंध्याशी ओतलेलं पाणी साल कुजवतं, तहान भागवत नाही. चर खणून झाल्यावर त्यांनी त्यात पालापाचोळा दाबून भरला, पाणी सोडलं, वर आणखी वाळकी पानं पसरली. शेजारी आधी केलेलं आळं होतं. त्यातली पानं मी बोटांनी बाजूला केली. वरची पानं हात लागताच चुरा होत होती. त्याखालची काळपट आणि दमट, एकमेकांना बारीक पांढऱ्या धाग्यांनी चिकटलेली. ते धागे बुरशीचे. त्याखाली माती गार होती, मुठीत धरली की गोळा होत होता. तिथून दोन पावलांवर उघडी जमीन होती. तिला पडलेल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत सहज गेला आणि आतून गरम वाफ बोटांना लागली. एकच माती, एकच ऊन. फरक फक्त वरच्या चार बोटं पाल्याचा.

माळव्याची काळी माती आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीची सख्खी बहीण. दोघी दख्खनच्या लाव्हाच्या खडकातून झालेल्या. हिच्यातले चिकणमातीचे कण पाणी मिळालं की फुगतात आणि सुकलं की आक्रसतात. पावसाळ्यात शेतात पाय ठेवता येत नाही, उन्हाळ्यात जमीन भेगाळते. शेतकऱ्याला भेगा नकोशा वाटतात, पण त्यांतून खालपर्यंत हवा जाते, वरची भुसभुशीत माती आत घरंगळते आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट खोल उतरतं. नांगर न लावता जमीन आपली आपण पालटते. अडचण होते ती मातीत कुजलेला सेंद्रिय अंश उरलेला नसतो तेव्हा. मग तिला ओल धरता येत नाही, आणि पाऊस आला की ती गच्च बसते. हा सेंद्रिय अंश वाढवायचा कसा, यावर या आवारात जे काम झालं त्याला आता शंभर वर्षं झाली.

१९२४ मध्ये इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ सुरू झाली. होळकर दरबारने सुमारे ३०० एकर जमीन दिली, कापसाच्या मध्यवर्ती समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा उभा केला. संचालक म्हणून आले अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी १९०५ पासून ते बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. नवऱ्याच्या हाताखाली नुसत्या मदतनीस म्हणून त्या राहिल्या नाहीत. सरकारी संशोधक म्हणून त्यांची स्वतंत्र नेमणूक होती आणि बहुतेक काम दोघांच्या नावावर आहे. १९३० मध्ये त्या गेल्या. हॉवर्डच्या नावाचा जेवढा गवगवा झाला, त्याच्या निम्माही गॅब्रिएलबाईंच्या वाट्याला आला नाही. हे मला खटकतं.

पुसाला असताना हॉवर्डनी फळझाडांची मुळं उकरून पाहिली होती. आंबा, पेरू, लिची अशी आठ प्रकारची झाडं; काहींभोवती गवत वाढू दिलेलं, काहींभोवती जमीन स्वच्छ ठेवलेली. त्यांना असं आढळलं की या झाडांना मुळांचे दोन संच असतात: एक वरच्या थरात पसरलेला, दुसरा सरळ खोल गेलेला. पावसाळ्यात वरचा संच काम करतो. वरची जमीन तापून कोरडी पडली की तो गप्प बसतो आणि खोल मुळं जमिनीच्या पोटातली ओल वर ओढू लागतात. माझ्या करंजाच्या आणि पिंपळाच्या कोड्याला या निरीक्षणातच वाट सापडते. वैशाखातली पालवी आजच्या पाण्यावर येत नाही. गेल्या पावसाळ्यात खोल मुरलेल्या पाण्यावर येते. म्हणून उन्हाळ्यातल्या झाडाची काळजी खरं तर जुलैत घ्यायची असते. शहरात आपण बुंध्यापर्यंत सिमेंट नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवतो, पावसाचं पाणी गटारात घालवतो आणि मेमध्ये टँकर मागवतो. झाडावर याहून मोठा अन्याय नाही.

इंदूरला आल्यावर हॉवर्डसमोर कापूस होता. सुधारित बियाणं काढणं हे अपेक्षित काम. पण त्यांचं म्हणणं होतं की माती दुबळी असेल तर बियाणं काय करणार? शेतावर काडीकचरा भरपूर होता, गोवऱ्यांसाठी शेण चुलीत जात होतं, जनावरांचं मूत्र गोठ्यात मुरून वाया जात होतं. चीनमधले शेतकरी गावातला सगळा कचरा जमिनीला परत देतात, हे त्यांनी अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकात वाचलेलं होतं. त्यांनी ते माळव्याच्या हवेला बसवलं आणि मोजूनमापून पद्धत तयार केली. तिलाच जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात.

ती मुळात साधी आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांसारखा कठीण माल शेतातल्या रस्त्यांवर पसरायचा. जाता-येता गाड्यांच्या चाकांखाली तो चिरडला जातो. मग तो जनावरांखाली अंथरायचा. हे मूत्राने भिजलेलं अंथरूण, पाला, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात द्यायचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, खोली मात्र दोन-तीन फूटच, कारण खाली हवा पोचली पाहिजे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून खड्डा. दह्याला विरजण लावावं तसा आधीच्या खड्ड्यातला मुरलेला माल थोडा नव्यात घालायचा. पाणी बेताचं शिंपडायचं. साधारण दोन आठवड्यांनी पहिली पालटणी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसात ओल्या मातीला येतो तशा वासाचं खत तयार.

सुरुवातीच्या दिवसांत ढीग इतका तापतो की आत खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढून हातात धरवत नाही. ही उष्णता जिवाणूंच्या कामाची. तणाचं बी आणि रोगाचे बरेच जंतू तिच्यात मरतात. ढिगाला हवा मिळाली नाही तर मात्र तो सडतो आणि घाण सुटते. पालटणी एवढ्याचसाठी. हिशेबही बघा: होळीच्या सुमाराला खड्डा भरला तर मृग लागायच्या आत खत शेतात पडतं. माळव्यात ज्या महिन्यांत शेत रिकामं, माणूस मोकळा आणि वाळका पाला मुबलक, नेमक्या त्याच महिन्यांत हे काम बसतं. उन्हाळ्याला फुकट गेलेला ऋतू समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

१९३१ मध्ये या सगळ्या कामाचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं, ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड या संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. कार्बन आणि नायट्रोजन कोणत्या टप्प्याला किती असतो, कोणत्या थरात काय बदलतं, ही मोजदाद केल्याशिवाय ‘पद्धत’ उभी राहत नाही, आणि प्रयोगशाळेतली ती बाजू वाडांची होती. पुढे हॉवर्ड इंग्लंडला परतले, १९३४ मध्ये ‘सर’ झाले, १९४० मध्ये त्यांचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आलं आणि सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जग त्यांना ओळखू लागलं. आसामातले चहाचे मळे, केनियातले कॉफीचे मळे या पद्धतीने खत करू लागले. अमेरिकेत रोडेल आणि इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फर यांनी हॉवर्डपासून प्रेरणा घेऊन चळवळी उभ्या केल्या. या सगळ्या कहाणीत वाड मागे पडले. मराठी आडनावाचा हा रसायनशास्त्रज्ञ मराठी वाचकांनाही ठाऊक नसावा, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत असताना मी दरवर्षी मुलांना कंपोस्ट शिकवताना फळ्यावर दोन्ही नावं लिहीत असे, आणि वाडांचं आधी.

गांधीजी एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले होते. ऐन उन्हाळा. तेव्हा त्यांनी इथे येऊन खताचे खड्डे पाहिले. गावसफाई आणि खत ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती, त्यामुळे इथे त्यांना रस वाटला नसता तरच नवल. महाराष्ट्रात हाच विचार पुढे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नेला. विटांमध्ये मुद्दाम फटी ठेवून बांधलेलं त्यांचं टाकं यवतमाळपासून कोकणापर्यंत ‘नाडेप’ म्हणून माहीत आहे. शेण थोडं, काडीकचरा आणि माती जास्त, अशी त्याची रचना. ज्याच्याकडे एकच जनावर आहे त्यालाही परवडणारी.

इंदूरला विद्यापीठ आणि बाग यांचा विचार हॉवर्ड येण्याच्याही आधी झाला होता. प्लेगने शहर हैराण झालेलं असताना दरबारने पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. नगररचनाकार म्हणून ते गाजले, पण मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१८ च्या त्यांच्या दोन खंडी अहवालात जुनी वस्ती पाडण्याऐवजी दुरुस्त करायला सांगितलं आहे, आणि दुसऱ्या खंडाचा मोठा भाग इंदूरला व्हावं अशा विद्यापीठावर आहे. त्यांच्या कल्पनेतलं विद्यापीठ लगेच उभं राहिलं नाही. इंदूर विद्यापीठ व्हायला १९६४ साल उजाडलं. हॉवर्डच्या संस्थेच्या जागी १९५९ मध्ये कृषी महाविद्यालय सुरू झालं. आधी ते जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाखाली होतं, २००८ पासून ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विद्यापीठाकडे आहे. म्हणजे आम्ही सकाळी ज्या झाडांखाली फिरतो ती बाग सरकारी विद्यापीठाची, आणि म्हणून तुमची-आमची.

शहर आता चहूबाजूंनी तिच्यावर चालून आलं आहे. २०२२ मध्ये या जमिनीचा मोठा तुकडा दुसऱ्या कामाला घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा इथले विद्यार्थी आंदोलनाला बसले. त्यांचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. संशोधनाची जमीन म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे. एकाच वाफ्यात वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने पीक घेऊन मातीत काय बदललं ते नोंदवायचं असतं. ती नोंद तुटली की जागा बदलून दुसरीकडे जोडता येत नाही. झाडं दुसरीकडे लावता येतील. शंभर वर्षं निगा राखलेली माती दुसरीकडे कुठून आणणार?

इंदूर २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गाजतं आहे. ओला-सुका वेगळा करायची सवय आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही लागली आहे. देवगुराडियाला दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजीचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून चालू आहे. याचा अभिमान मला आहेच. तरी मला वाटतं, झाडाखाली पडलेलं पान कचरा नाही आणि गाडीत घालून पाठवायचीही ती वस्तू नाही. ते जिथे पडलं तिथेच त्याचं काम आहे. स्वच्छतेच्या उत्साहात झाडांची आळी झाडून लख्ख केली जातात, त्या वेळी मला त्या माळीदादांची आठवण येते.

आमच्या गच्चीवर आता कुंडीतली माती कुठेच उघडी नाही. नारळाच्या शेंड्या, आंब्याची वाळकी पानं, देवाची फुलं यांचा चार बोटं थर प्रत्येक कुंडीवर आहे. पाणी पहाटे, उन्हं यायच्या आत. दुपारी कुंडीचे काठ तापतात म्हणून कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवते आणि त्यातली कढीपत्ता, लिंबू अशी दणकट झाडं बाहेरच्या रांगेत. कोपऱ्यात जुना पिंप आहे, त्याला भोकं पाडली आहेत, आणि त्यात भाजीची देठं, वाळका पाला, थोडी माती, थोडी राख असे थर पडत असतात. महिन्यातून एकदा खालीवर करायचं. जूनला खत तयार. सूनबाई आधी वासाला घाबरली होती. आता तीच चहाचा चोथा घेऊन गच्चीवर जाते. वास येत नाही, कारण ढिगाला हवा मिळते. मोगरा मेभर फुलतो.

तुम्ही पुण्यात असा, नागपुरात असा नाहीतर बडोद्याला, तुमच्या गावात कृषी विद्यापीठाची किंवा महाविद्यालयाची बाग असेलच. या मे महिन्यात एका पहाटे तिथे जा, आळ्यातला पाला बाजूला करून माती हातात घ्या, तिथल्या माळ्याशी बोला. आपल्या सोसायटीत वाळकी पानं पेटवणाऱ्याला थांबवा आणि ती झाडाखाली पसरायला सांगा. आणि इंदूरला आलात तर हॉवर्डसोबत यशवंत वाडांचंही नाव घ्या.